अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी काय सुचवावे: रस्ता, उद्यान की आहे त्याची देखभाल?

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकांकडे राहिला. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ४१ प्रभागांतून निवडून आलेल्या १६५ नगरसेवकांचे सभागृह पुन्हा अस्तित्वात आले आहे. त्यामुळे नागरिकांनी सुचवलेली कामे अंदाजपत्रकात घेण्याची जी पद्धत या शहराने २००६ पासून चालवली आहे, तिच्याकडे नव्याने पाहावे असे वाटते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा, काम कोठे आणि कशासाठी हवे ते लिहायचे, आणि छाननीत ते टिकले तर पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद होते, असा हा साधा प्रकार आहे. पदपथाचा तुकडा, दिव्याचे खांब, बसथांबा, उद्यानातील दुरुस्ती इतपतच त्याचा आवाका असतो. उड्डाणपूल त्यातून मागता येत नाही, आणि ते बरेच आहे.

आमच्या परिसरातील काही कुटुंबांनी मिळून यंदा एकत्रित सूचना द्यायचे ठरवले, पण पहिल्याच बैठकीत मतभेद झाले. ज्येष्ठ मंडळींना उद्यानात बसण्याची सोय आणि चालण्याचा सपाट मार्ग हवा होता, नोकरीसाठी रोज दुचाकीवरून जाणाऱ्यांना रस्त्याच्या दुरुस्तीपलीकडे काही सुचत नव्हते, आणि दुकानदारांना वाहनतळ हवा होता. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी योग्य असल्यामुळेच निर्णय होईना.

कायद्याचा आधार घ्यावा म्हणून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम उघडला. त्यातील कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत: पाणी, मलनिस्सारण, झाडलोट, दिवाबत्ती, सार्वजनिक रस्ते, प्राथमिक शिक्षण, स्मशानभूमी वगैरे. उद्याने, क्रीडांगणे आणि वाचनालये कलम ६६ मध्ये, म्हणजे महापालिकेच्या मर्जीवरील कामांत येतात. याचा अर्थ रस्ता आधी आणि उद्यान नंतर, असे कोणी म्हणेल. परंतु १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते आणि पूल चौथ्या क्रमांकावर, तर उद्याने व क्रीडांगणे बाराव्या क्रमांकावर असली, तरी अठराही विषय नागरी संस्थांकडे सोपवण्याजोगेच मानलेले आहेत. तेव्हा कायदा वाचून आमच्या बैठकीचा प्रश्न सुटला नाही.

माझे स्वतःचे मत असे आहे की, रस्ता की उद्यान ही मांडणीच आपल्याला फसवते. खरा झगडा नवे बांधकाम आणि जुन्याची देखभाल यांच्यात आहे. नव्या कामाला उद्घाटन असते, कोनशिला असते, नामफलक असतो. गळणारा नळ दुरुस्त केल्याचा फलक कोणी लावत नाही. पुण्यात नगरसेवकांच्या नावांची बाकडी, कापडी पिशव्या आणि कचऱ्याच्या बादल्या यांवर जो खर्च होत आला, त्यावर वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे लिहिले आहे. म्हणून आमच्या सूचनांपैकी निम्म्याहून अधिक सूचना आधीच उभ्या असलेल्या गोष्टी चालू ठेवण्यासाठी असाव्यात, असा माझा आग्रह आहे. येथील जाणकारांना हा क्रम पटतो का, आणि पटत नसेल तर त्याऐवजी ते कोणता क्रम लावतील, हे समजून घ्यायला आवडेल.


खडीकरण

मी स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालो, तेव्हा रस्त्याच्या बाजूने बोलणे भाग आहे. पण आपण समजता त्या अर्थाने नव्हे. नागरिक जेव्हा ‘रस्ता करा’ असे लिहितात, तेव्हा त्यांच्या मनात डांबराचा नवा थर असतो, आणि बहुतेक वेळा तोच पैसा सर्वांत लवकर वाहून जातो.

डांबरी रस्त्याचा खरा शत्रू पाणी आहे. पृष्ठभागाला मध्यापासून कडेकडे पुरेसा उतार नसेल, कडेची पावसाळी गटारे तुंबलेली असतील किंवा मुळात बांधलेलीच नसतील, तर पाणी रस्त्यावर थांबते, भेगांतून आत मुरते आणि खालची खडी-मुरुमाची बैठक सैल करते. त्यावरून वाहनांची चाके गेली की वरचा थर निखळतो. खड्डा वरून दिसतो, पण तो तयार झालेला असतो खालून. तो भरताना भोवतालचा सैल भाग चौकोनी कापून काढला नाही, तळ कोरडा केला नाही आणि नीट दबाई केली नाही, तर त्याच ठिकाणी पुढच्या पावसात तोच खड्डा पुन्हा येतो. पुणेकर जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण अभिमानाने देतात; १९७० च्या दशकात तो दहा वर्षांच्या हमीवर बांधला गेला आणि हमी संपल्यानंतरही अनेक वर्षे टिकला. त्यात जादू काहीच नव्हती. बैठक, उतार, पाण्याचा निचरा आणि कामावरची देखरेख या चारही गोष्टी एकाच वेळी जागेवर होत्या, एवढेच.

दुसरा विषय खोदाईचा. समान पाणीपुरवठा योजनेच्या जलवाहिन्या, मलवाहिन्या, वीज आणि दूरसंचाराच्या तारा यांसाठी रस्ता पुन्हापुन्हा उकरला जातो. पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती व्हावी म्हणून ३० एप्रिलनंतर खोदाईला सामान्यतः परवानगी देऊ नये, असे पालिकेचे धोरण आहे. तारीख पाळली गेली तरी चर बुजवताना माती थराथराने दाबली जात नाही, आणि जूनमध्ये तो चर खचून रस्त्यात लांबट घळ पडते. एका खात्याने बांधायचे आणि दुसऱ्याने उकरायचे, हे थांबवायचे असेल तर नव्या डांबराआधी ‘या रस्त्याखाली येत्या तीन वर्षांत कोणते काम होणार आहे’ हे विचारावे लागते, आणि हा प्रश्न अर्जात लिहायला कोणताही खर्च येत नाही.

आणखी एक सावधगिरी सुचवतो. गल्लीबोळांत सिमेंटचे रस्ते मागू नका. मोठ्या, वाहत्या रस्त्यासाठी काँक्रीट योग्य असू शकते, पण अरुंद गल्लीत ते जुन्या डांबरावरच ओतले जाते, रस्त्याची पातळी वाढते आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी तळमजल्यांत शिरते. शिवाय नंतर एखादी जलवाहिनी फुटली तर ते फोडून पुन्हा करण्याचा खर्च डांबराच्या कित्येक पट असतो.

थोडक्यात, माझ्या यादीत पहिले काम पावसाळी गटारांची सफाई व दुरुस्ती, दुसरे चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीत आणणे, आणि डांबर त्यानंतर.


ग्रंथसखी

वरील दोन्ही प्रतिसाद वाचताना जाणवले की, नागरिक म्हणून आपल्या डोळ्यांसमोर वाहन चालवणारा किंवा सकाळी फिरायला जाणारा माणूसच असतो. भाजी विकणारी बाई दिवसाचे दहा तास रस्त्याच्या कडेला बसते. तिला खड्ड्यापेक्षा स्वच्छतागृहाची काळजी अधिक असते. स्वच्छतागृहांची संख्या कागदावर पुरेशी असली तरी त्यातील किती स्त्रियांसाठी आहेत, किती संध्याकाळी सातनंतर उघडी असतात, किती ठिकाणी पाणी, कडी आणि दिवा या तिन्ही गोष्टी एकत्र सापडतात, हे कोणी मोजत नाही. पर्वतीपायथा यांचा देखभालीचा मुद्दा येथे तंतोतंत लागू पडतो, कारण नवे स्वच्छतागृह बांधणे सोपे असते आणि ते रोज दोनदा धुणे अवघड.

पालिकेच्या उद्यानांच्या वेळांबाबतही असेच म्हणावेसे वाटते. बहुतेक उद्याने सकाळी आणि संध्याकाळी उघडतात व दुपारी बंद असतात. ज्यांची घरे एका खोलीची आहेत अशा मुलांना परीक्षेच्या दिवसांत दुपारी बसायला सावलीची जागा हवी असते, घरकामाला जाणाऱ्या स्त्रियांना दोन कामांच्या मधला तास कोठेतरी काढायचा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी फाटकाला कुलूप असते. वेळ वाढवण्यासाठी बांधकाम लागत नाही; एका पाळीचा रखवालदार लागतो. अशी सूचना अर्जात बसते का, हे मात्र जाणकारांनी सांगावे, कारण अर्जाचा नमुना ‘कामाचे ठिकाण व अंदाजित खर्च’ असाच विचार करणारा दिसतो.


नव्या हद्दीतला

चर्चा चांगली आहे, पण ती जुन्या हद्दीची चर्चा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे पालिकेत आली. त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली, तरीही उरलेल्या गावांमुळे पुणे ही क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठी महापालिका ठरली आहे. आम्हाला ‘आहे त्याची देखभाल करा’ असे सांगितले, तर आमच्याकडे आहे काय, असा प्रश्न पडतो.

ग्रामपंचायतीच्या काळातील सहा मीटरचा रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा मजली इमारती, मलवाहिनी अपुरी, आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, हे अनेक समाविष्ट गावांचे चित्र आहे. मिळकतकराची आकारणी मात्र शहराच्या पद्धतीने सुरू झाली आणि त्यावरून मोठा वाद झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. येथे उद्यानाची जागा आराखड्यात आरक्षित होईपर्यंत शिल्लक राहील की नाही, याचीच खात्री नाही. म्हणून समाविष्ट गावांचा प्राधान्यक्रम निराळा असायला हवा: आधी मलनिस्सारण आणि पाणी, त्याच वेळी मोकळ्या जागा ताब्यात घेणे, आणि रस्त्याचा वरचा थर सर्वांत शेवटी, कारण वाहिन्या टाकायच्या राहिल्या असतील तर तो थर उकरलाच जाणार.

मोकळ्या जागा ताब्यात घेणे यावर मी मुद्दाम भर देतो. उद्यान दहा वर्षांनी फुलवता येते, पण जागा एकदा गेली की कोट्यवधी रुपये मोजूनही मिळत नाही. कात्रज-कोंढवा रस्त्याचे उदाहरण घ्या. ८४ मीटर रुंदीचा हा रस्ता भूसंपादनात अडकला, २०१८ मध्ये भूमिपूजन होऊनही काम रखडले, शेवटी तूर्त ५० मीटर रुंदीनेच तो करण्याचे ठरले आणि भूसंपादनासाठी राज्य सरकारकडे अनुदान मागावे लागले. जी जागा वेळीच हाती आली असती ती नंतर बाजारभावाने घ्यावी लागली, म्हणजे काय होते, याचा हा धडा आहे.


पर्वतीपायथा (धागाकर्ता)

नव्या हद्दीतला यांचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. एकाच शहरात दोन क्रम लागू होऊ शकतात, आणि माझा प्रस्ताव पेठा, पर्वती, कोथरूड, औंध अशा भरलेल्या भागांपुरताच मर्यादित समजावा. ग्रंथसखी यांच्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडे असल्यास कृपया लिहावे. मलाही ते माहीत करून घ्यायचे आहे.


लेखाशीर्ष

एका नागरी संस्थेच्या लेखा विभागात बरीच वर्षे काम केल्यामुळे या प्रश्नाची आर्थिक बाजू सांगू शकेन.

प्रथम आकाराचा अंदाज घेऊ. २०१२ नंतरच्या रचनेत पुण्यात दोन सदस्यांचे ७६ प्रभाग होते आणि नागरिकांच्या सूचनांसाठी प्रत्येक प्रभागाला ५० लाखांची मर्यादा होती, म्हणजे सगळे मिळून ३८ कोटी रुपये. त्या काळचे अंदाजपत्रक चार हजार कोटींच्या आसपास असे. नागरिकांचा ‘सहभाग’ अशा रीतीने एका टक्क्याहून कमी रकमेपुरता होता. २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचे होते. येथे आपण ज्या रकमेवर वाद घालत आहोत, ती त्यातील एक कोपरा आहे आणि उरलेला सर्व पैसा कोठे जातो याकडे आपले लक्ष नसते, हे आधी स्वीकारावे. माझ्या मते या योजनेचा खरा उपयोग पैशांपेक्षा वेगळा आहे: अर्ज भरण्याच्या निमित्ताने माणूस अंदाजपत्रक वाचायला शिकतो.

आता ग्रंथसखी यांचा प्रश्न. अंदाजपत्रकात महसुली खर्च आणि भांडवली खर्च अशा दोन बाजू असतात. रखवालदाराची पाळी, स्वच्छतागृहाची सफाई, झाडांना पाणी देणे हे महसुली. नवी भिंत, नवा पदपथ हे भांडवली. नागरिकांच्या सूचनांची पद्धत व्यवहारात भांडवली कामांना सोयीची आहे, कारण तेथे एकदाच रक्कम मंजूर करून देयक अदा केले की प्रकरण मिटते, तर पाळी वाढवल्यास तो खर्च दरवर्षी येतो. म्हणून उद्यानाच्या वेळेची सूचना या अर्जात न देता उद्यान विभागाकडे स्वतंत्रपणे द्यावी आणि त्याची प्रत प्रभागातील चारही नगरसेवकांना द्यावी. प्रभाग समितीच्या कार्यपत्रिकेवर तो विषय यायला हवा, अर्जांच्या गठ्ठ्यात तो हरवतो.

नंतरची पायरी अनेकांना ठाऊक नसते. आयुक्त आपले अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात बदल करून ते मुख्य सभेकडे पाठवते, आणि या प्रवासात नगरसेवकांची कामे ‘स’ यादीत येतात. त्यानंतर वर्षभर ‘वर्गीकरण’ चालू राहते. एका कामासाठी मंजूर झालेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवण्याला पुण्यात हा शब्द आहे. एप्रिलमध्ये पावसाळी गटारासाठी ठेवलेले पैसे जानेवारीत एखाद्या कमानीकडे गेले, असे होऊ शकते आणि ते नियमबाह्यही नसते. त्यामुळे सूचना मंजूर झाल्याच्या आनंदात थांबू नये. तरतूद झाली का, निविदा निघाली का, कार्यादेश दिला का, आणि वर्ष संपण्याआधी रक्कम वळवली गेली का, या चार टप्प्यांवर विचारणा करावी. मार्च महिन्यात शहरभर अचानक पदपथ उकरले जातात, त्याचे कारणही यातच आहे: ३१ मार्चनंतर न वापरलेली तरतूद बाद होते.

देखभालीच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी एक युक्ती सांगतो. ‘उद्यानाची देखभाल करावी’ अशी मोघम सूचना कोणत्याच लेखाशीर्षात बसत नाही, म्हणून ती छाननीत गळते. तेच ‘अमुक उद्यानातील ठिबक सिंचनाची दुरुस्ती’ किंवा ‘अमुक चौकातील पदपथाचा उंच कठडा उतरता करणे’ असे लिहिले, की ते काम म्हणून मोजता येते आणि मंजूरही होते.


टेकडीवाला

रस्ता आणि उद्यान यांच्यात खरा झगडा नाही, असे धागाकर्ते म्हणतात. छोट्या कामांपुरते ते खरे असेल. शहराच्या पातळीवर हा झगडा अगदी खरा आहे, आणि बालभारती ते पौड फाटा हा नियोजित रस्ता त्याचे उदाहरण आहे. सुमारे दोन किलोमीटरच्या या रस्त्याने विधी महाविद्यालय रस्त्यावरील कोंडी कमी होईल, असा पालिकेचा दावा आहे. तो वेताळ टेकडीच्या उतारावरून जाणार असल्याने एप्रिल २०२३ मध्ये मोठ्या संख्येने पुणेकर त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेले. येथे कोणती देखभाल आधी करायची? टेकडी हीच मुळात उभी असलेली, कोणत्याही निविदेविना चालणारी सेवा आहे: पावसाचे पाणी ती मुरवते, भूजल भरते, आणि तिच्यावर फिरायला येणाऱ्याकडून तिकीट घेत नाही.

उद्यान म्हटले की आपल्यासमोर कारंजी, हिरवळ आणि रंगवलेले हत्ती येतात. पालिकेची दोनशेहून अधिक उद्याने आहेत आणि त्यांतील पु. ल. देशपांडे उद्यानासारखी काही खरोखर सुंदर आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या २३ गावांतील टेकड्यांवर ९७८ हेक्टरचे जैवविविधता उद्यान आरक्षित आहे, त्याचे काय झाले? खासगी जमीनमालकांना मोबदला कसा द्यावा यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली, २०१५ मध्ये आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्काचा (म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) निर्णय झाला, आणि इतक्या कमी मोबदल्यात फारसे कोणी जमीन देण्यास पुढे आले नाही. मधल्या काळात उतारांवर बांधकामे चढत गेली. नव्या हद्दीतला म्हणतात तसे, जागा आधी; पण टेकडीची जागा सर्वांत आधी.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रभागातून जाणाऱ्या अर्जांत एक तरी अर्ज टेकडीच्या पायथ्याला वणवा रोखण्यासाठी जाळरेषा काढणे, राडारोडा टाकणाऱ्या वाहनांसाठी अडथळा उभारणे, अशा कामांसाठी असावा. शोभेच्या रोपांपेक्षा हा खर्च कमी आहे.


खडीकरण

टेकडीवाला यांच्याशी मी सहमत आहे, आणि अभियंता असूनही आहे. मोठ्या रस्त्याने कोंडी कायमची सुटत नाही हे आम्हा लोकांना शिकवले जाते. नोकरीत ते विसरावे लागते. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होतो. उरलेल्या ३६४ दिवसांत तेथे चालून पाहावे.


करवीर

पुण्याबाहेरचा असलो तरी लिहितो, कारण मोठ्या रस्त्यांना आंधळे प्राधान्य दिले की काय होते, हे कोल्हापूरने अनुभवले आहे. शहरांतर्गत सुमारे ५० किलोमीटर रस्ते खासगीकरणातून, २२० कोटी रुपये खर्चून करायचे आणि त्या बदल्यात ३० वर्षे टोल घ्यायचा, असा करार आमच्याकडे झाला. शहरातच, स्वतःच्या घरी जाताना टोल भरायचा, ही कल्पना लोकांनी मान्य केली नाही. कामाच्या दर्जाविषयीही तक्रारी होत्या. मोर्चे, धरणे, टोलनाक्यांची मोडतोड असे सर्व होऊन अखेर २०१५ मध्ये टोल रद्द झाला आणि कंत्राटदाराचे पैसे देण्याची जबाबदारी सरकारवर आली.

मला त्यातून दिसलेली गोष्ट अशी: रस्ते हवेत याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. कोणते रस्ते, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या पैशाने, हे ठरताना लोकांना विचारले गेले नाही. करार होऊन गेल्यावर त्यांच्याकडे आंदोलन हा एकच मार्ग उरला. त्यामुळे एका टक्क्याच्या योजनेला लेखाशीर्ष जरा जास्तच कमी लेखतात, असे वाटते. अंदाजपत्रकाआधी विचारण्याची सवय ही लहान रकमेवरच लागू शकते.


ग्रंथसखी

करवीर यांच्या मुद्द्याला जोडून विचारते: ग्रामसभेसारखी काही व्यवस्था शहरात नाही का? गावात निदान सरपंचाला सर्वांसमोर उभे राहून हिशेब सांगावा लागतो.


लेखाशीर्ष

कायद्यात आहे. २००९ च्या दुरुस्तीने महानगरपालिका अधिनियमात क्षेत्रसभेची तरतूद आली. काही मतदान केंद्रांचे मिळून एक क्षेत्र, त्यातील सर्व मतदार तिचे सदस्य, आणि नगरसेवक अध्यक्ष. कामांचा अग्रक्रम सुचवणे हे तिचे एक कामच आहे. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानातील निधीसाठी ही सुधारणा करणे राज्याला आवश्यक होते, म्हणून कायदा झाला. सभा मात्र भरल्या नाहीत. पुण्यातील नागरी संघटनांनी त्यासाठी अनेकदा पाठपुरावा केला. चार सदस्यांच्या प्रभागात तर अडचण वाढते, कारण कोणत्या क्षेत्राचा अध्यक्ष कोणता नगरसेवक, हेच ठरत नाही, आणि चौघांपैकी प्रत्येकाला ‘ते काम दुसऱ्याच्या भागातले’ असे सांगता येते. नव्या सभागृहाकडे मागण्याजोगी ही एक गोष्ट आहे, आणि तिला जवळजवळ खर्चच नाही.


नव्या हद्दीतला

तोपर्यंत न्यायालयाचा मार्ग आहेच, असे काही जण म्हणतील. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे किंवा उघड्या चेंबरमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये आणि जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला. आदेश महत्त्वाचा आहे. लेखाशीर्ष यांना विचारायचे ते हे, की ही भरपाई कोणत्या तरतुदीतून जाईल? ती शेवटी मिळकतकरातूनच जाणार असेल, तर खड्डा पाडणाऱ्याला काय शिक्षा झाली?


लेखाशीर्ष

ती रक्कम जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदार यांच्याकडून वसूल करावी, असेही न्यायालयाने म्हटले आहे. वसुलीसाठी मात्र त्या रस्त्याचा ठेकेदार कोण आणि दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातील दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, कधी संपतो, हे कागदावर लगेच सापडायला हवे. ते सापडत नाही, हीच मेख आहे.


पर्वतीपायथा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. काल सायंकाळी बैठक झाली, आणि या चर्चेचा तिला उपयोग झाला. उद्यानात व्यायामाची नवी साधने बसवण्याची सूचनाही आमच्या यादीत होती; ती आम्ही मागे घेतली, कारण असलेल्या साधनांचे नट-बोल्ट बदलणे आणि चालण्याच्या मार्गावरील उखडलेले गट्टू पुन्हा बसवणे हेच ज्येष्ठांना खरोखर हवे होते, असे विचारल्यावर कळले. एक अर्ज त्यासाठी आहे. दुसरा बाजाराजवळील स्त्रियांच्या स्वच्छतागृहात दिवे, कड्या आणि पाण्याची टाकी यांसाठी. तिसरा खडीकरण यांच्या सल्ल्याप्रमाणे चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीत आणण्यासाठी, आणि चौथा टेकडीच्या पायथ्याला राडारोडा अडवण्यासाठी. वाहनतळाच्या सूचनेवर एकमत झाले नाही. दुकानदार ती स्वतंत्रपणे देणार आहेत, आणि तो त्यांचा हक्क आहे. उद्यानाच्या दुपारच्या वेळेविषयीचे पत्र उद्यान विभागाला आणि चारही नगरसेवकांना स्वतंत्रपणे जाईल.

खडीकरण यांना एकच विचारायचे आहे. आमच्या मुख्य रस्त्याचा दोषदायित्वाचा कालावधी संपला आहे की नाही, हे कसे शोधावे? फलक तर कोठेच दिसत नाही.


खडीकरण

कार्यादेश आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला, या दोन कागदांत ते मिळेल. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कार्यालयातील अभिलेख पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेने सुरू केली होती आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून ती इतर कार्यालयांनाही सांगितली. त्या परिपत्रकाची प्रत बरोबर ठेवा, पथ विभागाच्या कार्यालयात जा, रस्त्याचे नाव आणि शेवटचे डांबरीकरण झाल्याचे अंदाजे वर्ष सांगा. कालावधी संपलेला नसेल तर तिसरा अर्ज देऊच नका. ती झाकणे त्याच ठेकेदाराने फुकट वर उचलून द्यायची असतात.